लाल जॅकेट घालून अ‍ॅन आर्बरला जावं का? (कॉलेज फुटबॉल आणि समोरच्या टीमचे चाहते)

सांगलीकर_कोलंबस
१० नोव्हेंबर २०२५

मंडळी, वरवर साधा वाटणारा प्रश्न विचारतोय, पण माझ्यासाठी तो साधा नाही.

मी वीस वर्षं कोलंबस, ओहायोमध्ये आहे. ओहायो स्टेटमधून एमएस केलं, मग इथेच नोकरी, घर, संसार. पहिल्या वर्षी रूममेट स्टेडियमवर ओढून घेऊन गेले आणि त्या दिवसापासून मी बकआय, म्हणजे ओहायो स्टेटच्या टीमचा चाहता, झालो तो झालोच. लेक यंदा कॉलेजला गेली, आणि गेली ती नेमकी अ‍ॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात. इथे कुणाला हे सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प होतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवर प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली मारतात. मिशिगनचं नावही घेत नाहीत, 'ते वरच्या अंगाचं कॉलेज' म्हणतात.

२९ तारखेचा सामना अ‍ॅन आर्बरला आहे. लेकीने दोन तिकिटं मिळवलीत, मिशिगनच्या माणसांच्या अगदी मधोमध. म्हणते, "बाबा, लाल जॅकेट घालूनच या." लाल म्हणजे आमच्या ओहायो स्टेटचा रंग. घालू का?

शंका का येते ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं एका वेगळ्याच विद्यापीठाच्या मैदानावर पाहुणे म्हणून गेलो होतो. नाव मुद्दाम घेत नाही, एका माणसापायी लाखभर लोकांना बोल लावायचा नाही. तिसऱ्या क्वार्टरला आमचा टचडाउन (इथला गोलच म्हणा) झाला, लेक उभी राहून ओरडली आणि मागून तिच्या पाठीवर बिअरचा अख्खा ग्लास. सोळा वर्षांची पोर. जॅकेटच्या अस्तरापर्यंत भिजली, बाहेर कडाक्याची थंडी. माझे हात शिवशिवायला लागले. पण मी वळायच्या आत पुढच्या ओळीतल्या एक आजी उठल्या. अंगात यजमान टीमचा स्वेटर, गळ्यात त्याच रंगाच्या मण्यांची माळ. त्या माणसाकडे बोट रोखून म्हणाल्या, "हे आपलं घर आहे. आपल्या घरी आलेल्या पोरीला तू असं वागवतोस?" आसपासचे दहाबारा जण त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो माणूस निमूट उठून गेला, परत आला नाही. आजींनी आपली लोकरीची शाल लेकीच्या खांद्यावर टाकली आणि सामना संपेपर्यंत परत घेतली नाही. त्यांची टीम हरली त्या दिवशी.

तेव्हापासून 'कुणाचे चाहते सगळ्यात वाईट?' या वादात मी पडत नाही. कुणालाही विचारा, तो शेजारच्याचंच नाव सांगणार. मला बघायचं असतं ते हे, की वाईट वागणाऱ्याच्या शेजारी त्याच रंगाचा शर्ट घालून बसलेला माणूस काय करतो.

तुमचे अनुभव लिहा. आणि जॅकेटचंही सांगा.

---

चौकस
१० नोव्हेंबर २०२५

नाशिकहून वाचतोय. अजाण प्रश्न आहे, रागावू नका. कॉलेजच्या पोरांच्या सामन्याला एवढं काय? आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला खेळाडूंचे मित्र आणि दोन शिक्षक येतात.

---

सांगलीकर_कोलंबस
१० नोव्हेंबर २०२५

रागावणार कशाला, योग्य प्रश्न आहे.

हा हाताने फेकायचा, अंगावर चाल करून जायचा अमेरिकन फुटबॉल. आमच्या ओहायो स्टेडियमची क्षमता १,०२,७८० आणि मिशिगनच्या स्टेडियमची १,०७,६०१, तीही बसून. पहिलं १९२२ सालचं, दुसरं १९२७चं. म्हणजे शंभर वर्षांपासून ही गर्दी आहे. व्यावसायिक लीग मोठी झाली ती खूप नंतर, आणि अलाबामा, नेब्रास्का, आयोवा अशा राज्यांत त्या मोठ्या लीगची टीम आजही नाही. तिथे विद्यापीठाची टीम हीच राज्याची टीम. कॉलेजची पायरी न चढलेला ट्रक ड्रायव्हरही तिला 'आम्ही' म्हणतो.

घरच्या मैदानावर वर्षाला सहा-सात सामने, तेही बहुतेक शनिवारी. सकाळपासून पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून पंगती बसतात, त्याला टेलगेट म्हणतात. शेगडीवर मांस भाजत असतं, पोरं बॉल फेकत असतात, आजोबा घडीच्या खुर्चीवर. गावाकडच्या जत्रेत जसं प्रत्येक घराचं बिऱ्हाड ठरल्या झाडाखाली उतरतं, तसं इथे वर्षानुवर्षं तेच कुटुंब त्याच जागी.

आणि ओहायो-मिशिगन म्हणाल, तर ते मुळात बांधाचं भांडण आहे. १८३५ मध्ये टोलेडो गावाजवळच्या जमिनीच्या पट्ट्यावरून दोघांनी एकमेकांवर शिबंदी धाडली होती. जीव कुणाचा गेला नाही. टोलेडो ओहायोला मिळालं, मिशिगनला बदल्यात उत्तरेकडचा जंगलाचा मोठा तुकडा आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा. त्या जंगलात पुढे तांबं आणि लोखंड निघालं, तेव्हा फायद्यात कोण राहिलं यावर आजही वाद घालता येतो. फुटबॉलचा पहिला सामना १८९७चा, मिशिगन ३४–०. बांध कोरल्याचा राग आपल्याकडे किती पिढ्या टिकतो ते तुम्हाला सांगायला नको.

---

हिमगौरी
११ नोव्हेंबर २०२५

सांगलीकर, जॅकेट बिनधास्त घाला. मी २००४ पासून अ‍ॅन आर्बरला आहे, नवरा आणि मोठा मुलगा दोघेही मिशिगनचे.

काय होईल ते आधीच सांगते. पार्किंगपासून गेटपर्यंत तुमची हुर्यो उडेल. पोरं गाण्यातून टोमणे मारतील, एखादा तोंडावर येऊन 'गो ब्लू' ओरडेल, निळा आमचा रंग. हसून 'ओ-एच' म्हणा, गर्दीतून कुठूनतरी ओहायोची उरलेली अक्षरं 'आय-ओ' येतीलच, तुमची माणसं हजारोंनी असतात. आमचं स्टेडियम जमिनीत खणलेलं आहे, वरून आत शिरायचं आणि पायऱ्या उतरत जायचं. खुर्च्या नाहीत, बहुतेक सगळी बाकडी, त्यावर आकडे रंगवलेले. दोन आकड्यांमधली जागा इतकी कमी की हिवाळी जॅकेट घालून बसलं की शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लागतोच. इतक्या जवळ बसलेल्या माणसाशी चार तास भांडता येत नाही.

एक सांगते. १७ नोव्हेंबर २००६ला मिशिगनचे जुने कोच बो शेम्बेकलर गेले. दुसऱ्या दिवशी कोलंबसला ओहायो स्टेट आणि मिशिगन, देशातल्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या टीमचा सामना होता. बो म्हणजे मिशिगनचे दैवत, पण जन्म ओहायोतल्या बार्बर्टनचा. ओहायो स्टेटचे कोच वुडी हेज यांच्या हाताखाली शिकलेले. १९६९ ते १९७८ ही दहा वर्षं गुरु-शिष्य एकमेकांविरुद्ध असे लढले की त्या काळाला 'दहा वर्षांचं युद्ध' म्हणतात. आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो, घरात सुतक असल्यासारखं. लाखभर लाल कपड्यातली माणसं, आणि बोंसाठी स्टेडियम शांत झालं. माझ्या सासऱ्यांना मराठीखेरीज काही कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "शत्रूचा माणूस गेला तर हे का उभे?" नवरा म्हणाला, "बाबा, तो त्यांच्याच घरचा होता."

सामना आम्ही हरलो, ४२–३९. पण त्या दोन मिनिटांसाठी मी कोलंबसच्या लोकांना कायम मान देते.

२९ला सकाळी आमच्याकडे या. स्टेडियम चालत वीस मिनिटांवर. कांदेपोहे करते.

---

विदा_वाचक
११ नोव्हेंबर २०२५

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून थोडं वेगळं मांडतो.

गोड आठवणी खऱ्या आहेत, पण दुसरी बाजूही नोंदवू या. ऑक्टोबर २०२१, नॉक्सव्हिल. टेनेसी विद्यापीठाच्या प्रेक्षकांनी पंचांचा निर्णय पटला नाही म्हणून मैदानात बाटल्या फेकल्या, सामना वीसेक मिनिटं थांबला. समोरच्या ओल मिसच्या (मिसिसिपी विद्यापीठाच्या) कोचला गोल्फचा चेंडू लागला. मोहरीच्या सॉसची बाटलीसुद्धा मैदानात आली होती. विद्यापीठाला अडीच लाख डॉलर दंड झाला. गेल्या वर्षी ३० नोव्हेंबरला तुमच्या कोलंबसलाच मिशिगनने १३–१० जिंकून मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायचा प्रयत्न केला, दोन्ही टीम हातघाईवर आल्या, पोलिसांना मिरीचा फवारा मारावा लागला. दोन्ही विद्यापीठांना लाख-लाख डॉलर दंड. त्यानंतर ओहायोच्या विधिमंडळात एका आमदाराने मैदानावर झेंडा रोवणं हा गंभीर गुन्हा ठरवणारं विधेयक मांडलं. 'भाऊबंदकी आहे, चालायचंच' म्हणून हे सोडून देता येत नाही.

मला जास्त काळजी आहे ती सट्ट्याची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना क्रीडा-सट्ट्याची मोकळीक दिली. आता फोनवर बसल्या जागी पैजा लागतात, एकेका खेळाडूच्या कामगिरीवरही. पोरगा किती यार्ड धावेल यावर पैसे लावलेले असतात, तो दहा कमी धावला की रात्री त्याच्या फोनवर शिव्यांचा आणि धमक्यांचा पाऊस. वय वर्षं १९. ओहायोने मार्च २०२४ पासून कॉलेज खेळाडूंवरच्या अशा वैयक्तिक पैजा बंद केल्या, कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना एनसीएए हिच्या मागणीवरूनच. सगळ्या राज्यांनी केलेलं नाही.

---

सांगलीकर_कोलंबस
११ नोव्हेंबर २०२५

>> दुसरी बाजूही नोंदवू या.

जरूर. ३० नोव्हेंबरला मी तिथेच होतो, सी डेकमध्ये, म्हणजे वरच्या सज्जात. झेंड्याचा प्रकार बघून माझ्याही तोंडून नको ते शब्द गेले, आणि घरी येईपर्यंत त्याची लाज वाटत राहिली. पुढे जानेवारीत आम्ही राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं, नोटर डेमला ३४–२३ हरवून, तरी माझे मित्र अजून त्या १३–१० वरच अडकलेत. मिशिगनकडून सलग चौथी हार होती ती.

सट्ट्याचा मुद्दा मात्र मनाला फार लागला. पैज लावणाऱ्याला त्या पोराशी ना वैर, ना नातं. मिशिगनच्या खेळाडूला मी तीन तास शिव्या घालीन, पण तो पाय धरून खाली बसला की आमच्या स्टँडमध्ये चिडीचूप होते आणि उठला की टाळ्या पडतात. पैसे लावलेल्या माणसाला त्या क्षणी आकडाच दिसत असणार.

---

दक्षिणवारा
१२ नोव्हेंबर २०२५

बर्मिंगहॅम, अलाबामा. इथे येऊन २३ वर्षं झाली. या धाग्यावर अलाबामा-ऑबर्नचं, म्हणजे आमच्या राज्यातल्या दोन विद्यापीठांच्या वैराचं, कुणी लिहिलं नाही म्हणून लॉगिन केलं.

इथे नवीन माणसाला आधी विचारतात 'चर्च कुठलं?' आणि लगेच 'अलाबामा की ऑबर्न?' आम्ही हिंदू म्हटल्यावर पहिला प्रश्न सुटला, दुसरा नाही सुटला. गाडीच्या पुढच्या बाजूला अर्धी लाल, अर्धी निळी पाटी लावतात, 'घर दुभंगलंय' अशा अर्थाची. नवरा एकीकडचा, बायको दुसरीकडची.

या दोघांनी १९०७ नंतर ४१ वर्षं सामनाच खेळला नाही. कारण काय, तर खेळाडूंचा दैनिक भत्ता, खेळाडूंची संख्या आणि पंच कुठले आणायचे. भावाभावांत वाटणी मोडते ती तांब्याच्या घंगाळावरून, तसंच हे. शेवटी राज्याच्या विधिमंडळाला मध्ये पडावं लागलं. १९४८ मध्ये पुन्हा खेळले तेव्हा दोन्हीकडच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी इथल्या एका बागेत खड्डा खणून खरोखरीची कुऱ्हाड पुरली, वैर मिटल्याची खूण म्हणून. मग सामना झाला, अलाबामा ५५–०!

आता झाडांचं. ऑबर्न गावात टूमर्स कॉर्नरला दोन जुने ओक होते. सामना जिंकला की गाव तिथे जमतं आणि फांद्यांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकतं. रात्री दिव्यांच्या उजेडात झाड पांढरंशुभ्र दिसतं. २०१०च्या सामन्यात ऑबर्न २४–० मागे होतं आणि २८–२७ जिंकलं. जानेवारीत रेडिओच्या कार्यक्रमात अलाबामाच्या एका चाहत्याने फोन करून सांगितलं की मी त्या झाडांच्या मुळांशी विष ओतलंय. तपासलं तर खरंच, तणनाशक. त्याला तुरुंगवास झाला, ८ लाख डॉलर भरपाईचा आदेश झाला. झाडं वाचली नाहीत, एप्रिल २०१३ मध्ये काढावी लागली.

काढायच्या आधी आम्ही बघायला गेलो होतो. मी अलाबामावाला, पण त्या दिवशी टोपी गाडीतच ठेवली. पानं जवळजवळ नव्हतीच, फांद्या राखाडी. एक बाई लहान मुलाला उचलून बुंध्याला हात लावायला देत होती. मुलगा विचारत होता, 'दुखतं का त्याला?' माझ्या आजीने वड तोडणाऱ्याच्या घरचं पाणी पीत नाही म्हणून सांगितलं होतं एकदा, तीच आठवली.

विषाची बातमी फुटली, त्याच आठवड्यात अलाबामाच्या चाहत्यांनी त्या झाडांसाठी वर्गणी काढायला सुरुवात केली. आम्हीही दिली. आमच्यातल्याच एकाने केलं होतं, मग निस्तरायचं कुणी? आणि २७ एप्रिल २०११ला टस्कलूसाला, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या गावाला, भयंकर चक्रीवादळाचा तडाखा बसला. ऑबर्नवाल्यांनी फेसबुकवर 'टूमर्स फॉर टस्कलूसा' नावाने गट काढला आणि पाणी, ताडपत्र्या, डायपर, करवती भरभरून पाठवल्या. झाडांना विष घातल्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

---

चौकस
१२ नोव्हेंबर २०२५

दक्षिणवारा, 'दुखतं का त्याला?' वाचून थांबलो. आता तिथे काय आहे?

दक्षिणवारा
१२ नोव्हेंबर २०२५

२०१५ मध्ये नवीन ओक लावले. त्यातल्या एकाला पुढच्याच वर्षी सामन्यानंतर कुणीतरी आग लावली, तोही बदलावा लागला. आता पुन्हा कागद फेकू देतात.

---

पेठेतला
१३ नोव्हेंबर २०२५

कोल्हापूर. तुमचा हाताने फेकायचा फुटबॉल मला कळत नाही, पण चाहते कळतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की पेठा दुपारपासून रिकाम्या होतात. खेळाडू आमच्या गल्लीतलाच, त्याच्या आईला आम्ही मावशी म्हणतो. समोरच्या टीमचा गोलकीपर माझ्या मेव्हण्याचा चुलत भाऊ. म्हणून राग जास्त. परक्या माणसावर माणूस इतका चिडत नाही.

मी कॉलेजात असताना एका सामन्यानंतर दोन तालमींच्या पोरांत दगडफेक झाली. कुठल्या तालमी ते सांगत नाही. त्यात आमच्या बाजूची चार पोरं होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या तालमीतल्या जुन्या वस्तादांनी त्या चौघांना बोलावलं. ना आरडाओरडा, ना मार. एवढंच म्हणाले, "सहा महिने तालमीची पायरी चढायची नाही. आणि ज्याचं डोकं फुटलंय त्याच्या घरी जाऊन पाया पडून यायचं, मी बरोबर येतो." ते स्वतः गेले, सत्तरीतला माणूस, समोरच्या पेठेत, पायात वहाणा न घालता. पोलिसांचा बंदोबस्त आम्हाला सवयीचा होता, त्याला कुणी भीत नव्हतं. वस्ताद अनवाणी गेले म्हटल्यावर आमच्या बाजूचं एकही पोरगं नंतर दोन वर्षं दगडाला हात लावायला धजलं नाही.

सांगलीकर, तुमच्या त्या आजी आणि आमचे वस्ताद एकाच जातकुळीचे.

---

ऑस्टिनचा_अण्णा
१४ नोव्हेंबर २०२५

टेक्सासकडून.

मी १९९९ला इथे ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठात पीएचडी करत होतो. टेक्सास ए अँड एम हे राज्यातलं दुसरं विद्यापीठ आमचे कट्टर वैरी. ते दर वर्षी आमच्याविरुद्धच्या सामन्याआधी हजारो ओंडके रचून होळी पेटवायचे. आम्हाला हरवायच्या ईर्ष्येची ती होळी. विद्यार्थीच झाडं तोडायचे, विद्यार्थीच रचायचे. १८ नोव्हेंबर १९९९ला पहाटे पावणेतीनच्या सुमारास रचाई कोसळली. १२ जण गेले, २७ जखमी.

त्या आठवड्यात आमच्याकडे त्यांना हरवण्यासाठी मेणबत्त्या पेटवून 'करणी' करायचा कार्यक्रम व्हायचा, दर वर्षीचा. त्याच मेणबत्त्या घेऊन आम्ही त्यांच्या पोरांसाठी उभे राहिलो. आमच्या विद्यापीठाचा टॉवर आम्ही जिंकल्यावर केशरी उजळतो, तो अंधारात होता. मी भारतातून येऊन दोन वर्षं झाली होती, सामन्याचे नियमही धड कळत नव्हते. माझ्या शेजारी एक मुलगी हुंदके देत होती. तिचा धाकटा भाऊ तिकडे शिकत होता, तो सुखरूप होता, तरी रडत होती.

२६ तारखेला सामना झाला, त्यांच्या मैदानावर. मध्यंतरात आमच्या बँडने शोकधून वाजवली आणि सगळ्यांनी हॅट काढल्या. मग ए अँड एम जिंकलं, २०–१६. मी आयुष्यात एकदाच माझी टीम हरल्यावर समाधानाने झोपलो, त्या रात्री.

पुढे लीग बदलल्याने २०११ नंतर तेरा वर्षं सामना बंद होता. तरी आमच्या गाण्यात 'गुडबाय टू ए अँड एम' आणि त्यांच्या गाण्यात आमची (लांब शिंगांचा बैल हे आमचं चिन्ह) शिंगं करवतीने कापायची ओळ दर शनिवारी गायली जायची, समोर तिसरंच कुणी असलं तरी. गेल्या वर्षी सामना पुन्हा सुरू झाला तेव्हा माझ्या ऑफिसातले दोन्हीकडचे लोक महिनाभर खुशीत होते.

---

आयोवाकर
१४ नोव्हेंबर २०२५

विदा_वाचक यांचा मुद्दा मान्य करून लिहितो.

आमच्या आयोवा आणि मिनेसोटामध्ये ब्राँझच्या डुकरासाठी सामना होतो, नाव फ्लॉइड ऑफ रोझडेल. ऐकायला गंमत वाटेल, पण मूळ गंभीर आहे. १९३४च्या सामन्यात आयोवाच्या ऑझी सिमन्स या कृष्णवर्णीय खेळाडूला इतकं झोडपलं गेलं की त्याला पुन्हा पुन्हा बाहेर जावं लागलं. पुढच्या वर्षी सामना आयोवा सिटीला. आमचे गव्हर्नर म्हणाले की पंचांनी असला खेळ चालवून घेतला तर प्रेक्षक चालवून घेणार नाहीत. म्हणजे उघड धमकीच. वातावरण पेटलं. तेव्हा मिनेसोटाच्या गव्हर्नरांनी तार केली, की हरेल त्याने जिंकणाऱ्याला एक डुक्कर द्यायचं. लोक हसले, ताण उतरला, सामना शांततेत झाला. आयोवा हरलं आणि आमचे गव्हर्नर खरोखरीचं डुक्कर घेऊन त्यांच्या कचेरीत गेले. सिमन्सला न्याय मिळाला का, तर नाही, आणि ते मला अजून खुपतं. पण त्या दिवशी माणसं मारली गेली नाहीत.

आता माझं स्वतःचं. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये आमचा मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा, आयोवाच्या किनिक स्टेडियमला लागूनच असलेल्या मुलांच्या हॉस्पिटलात होता, अकरा दिवस. बाराव्या मजल्यावर काचेची मोठी खिडकी आहे, तिथून मैदान दिसतं. १६ तारखेला मिनेसोटा आलं होतं, तोवर एकही सामना न हरलेलं. नर्सने त्याला सलाईनच्या स्टँडसकट खिडकीशी नेऊन बसवलं. २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम वळून हॉस्पिटलकडे हात हलवतं. हे मला माहीत होतं, खालून मी स्वतः कितीदा हात हलवले होते. वरून पहिल्यांदा बघितलं.

काळ्या-पिवळ्या गर्दीत एका कोपऱ्यात मरून रंगाचा तुकडा होता, मिनेसोटावाल्यांचा. मुलाने बोट दाखवून विचारलं, "ते पण आपल्याला करतायत?" मी म्हटलं, "हो, तुलाच." तो म्हणाला, "पण ते तर दुसऱ्या टीमचे आहेत." आणि मग त्याने सलाईन नसलेला हात वर करून फक्त त्या कोपऱ्याकडे हलवला, बराच वेळ. पंचांनी खेळ सुरू केला तरी.

तो आता बारा वर्षांचा आहे, ठणठणीत. मिनेसोटाविरुद्ध घसा बसेपर्यंत ओरडतो.

---

हिमगौरी
१४ नोव्हेंबर २०२५

आयोवाकर, लेकराला खूप आशीर्वाद. ऑफिसात वाचलं, दार लावून घ्यावं लागलं.

---

विदा_वाचक
१५ नोव्हेंबर २०२५

माझा आक्षेप मागे घेत नाही, दंड आणि पहारा हवाच. पण पेठेतला आणि सांगलीकर यांचं एकत्र वाचल्यावर एक जाणवलं. सुरक्षारक्षक येईपर्यंत पाच मिनिटं जातात आणि जे व्हायचं ते त्या पाच मिनिटांत होऊन जातं. तेवढ्यापुरती सत्ता शेजारच्याचीच.

सांगलीकर, घाला जॅकेट. परत येऊन लिहा.

---

सांगलीकर_कोलंबस
१ डिसेंबर २०२५

लिहितो.

घातलं. हिमगौरींकडे पोहे खाऊन निघालो, त्यांच्या मुलाने बरोबर येऊन गेटपर्यंत सोडलं. वाटेत हुर्यो त्यांनी सांगितली तशीच, तेवढीच. पायऱ्या उतरून आमच्या ओळीत गेलो तर माझ्या आकड्यावर एक आजोबा पिवळी टोपी घालून ऐसपैस बसलेले. माझं जॅकेट वरून खालपर्यंत पाहिलं, सरकले आणि म्हणाले, "बस. थंडी आहे, आज कुणाचाही खांदा चालेल." लेक निळ्यात, मी लाल, मध्ये थर्मासची आठवण, कारण तो आत नेऊ देत नाहीत.

सुरुवातीला मिशिगन पुढे होतं. लेक उड्या मारत होती, आजोबा तिच्याबरोबर. मग आमचे टचडाउन सुरू झाले आणि मला उठायला संकोच वाटायला लागला. दुसऱ्यांदा मी बसूनच मूठ आवळली, तेव्हा आजोबांनी कोपराने ढोसलं, "उठ की. चार वर्षं थांबलायस." उठलो, ओरडलो. मागच्या ओळीतून कुणीतरी काहीतरी बोललं, मला शब्द कळले नाहीत. आजोबांना कळले असावेत. ते नुसते मागे वळून बघत राहिले, काही बोलले नाहीत, आणि परत पुढे वळले. त्यानंतर मागून आवाज आला नाही.

उत्तरार्धात बर्फ पडायला लागलं. मैदानाच्या रेषा दिसेनात. लाल जॅकेट, पिवळी टोपी, निळी शाल, सगळ्यांवर पांढरा थर बसला. २७–९, आम्ही जिंकलो. लेक रडवेली झाली होती. मी तिला काही बोलणार तेवढ्यात आजोबांनी तिला सांगितलं की १९५०ला कोलंबसला अशाच बर्फात मिशिगनने एकही फर्स्ट डाउन न करता, म्हणजे एकदाही चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे न सरकता, सामना जिंकला होता, ९–३, त्यांचे वडील तिथे होते. तिने डोळे पुसून ते सगळं ऐकून घेतलं, मग मला म्हणाली, "पुढच्या वर्षी मी निळी येणार तुमच्या स्टँडमध्ये."

तिकिटं निघतील तेव्हा काढीन. तिची जागा माझ्या आणि माझ्या मित्राच्या मध्ये, त्याला आत्तापासून सांगून ठेवलंय.

हिमगौरी, तुमचा पोह्यांचा डबा माझ्याच गाडीत राहिला. हिवाळी सुट्टी संपवून लेक परत येईल तेव्हा तिच्याबरोबर पाठवतो, रिकामा नाही पाठवणार.